नव्वदचं रॉक : उत्तराला एक गुण, कारणाला दोन

प्रश्नमंजुषा म्हटली की आपली तयारी ठरलेली असते. नावं, सनावळ्या, कोणाचा पहिला अल्बम कोणता, कोण कधी गेलं. पाठ करायचं, बझर दाबायचा आणि टाळ्या घ्यायच्या. आपल्या मंडळात कवितेवर चर्चा होते तेव्हा मात्र आपण असं वागत नाही. कवी कोण आणि संग्रह कुठल्या सालचा एवढं सांगितलं म्हणून कविता कळली, असं कोणी म्हणणार नाही. मग गाण्याच्या बाबतीत तेवढ्यावर का थांबायचं?

म्हणून हा पाठ. विषय आहे नव्वदच्या दशकातलं रॉक संगीत आणि ते करणारी माणसं : अमेरिकेतली, इंग्लंड-आयर्लंडमधली आणि आपल्या मुंबई, गोवा, दिल्लीतली सुद्धा. मराठी साहित्य मंडळाच्या अंकात रॉक कशाला, असं कोणी विचारेल. तर या दशकातल्या रॉकपुढचा एक मोठा प्रश्न भाषेचाच होता. कोणाच्या शब्दांत गायचं, कुठल्या उच्चारात गायचं, उसन्या सुरात स्वतःचं काही सांगता येतं का? हैदराबादच्या मराठी घरात वाढलेल्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. घरी मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू, वर्गात इंग्रजी. त्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपल्या मराठीला हसतात ते वेगळंच. स्वतःचा आवाज कोणता, हे आपल्यालाही रोज ठरवावं लागतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९९१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी देशाची आर्थिक धोरणं बदलली, आणि त्याच वर्षी स्टार टीव्हीच्या उपग्रहावरून एमटीव्ही आपल्या घरांत दिसू लागला. तोपर्यंत परदेशी गाणं ऐकायचं म्हणजे कोणाच्या तरी काकाने बाहेरून आणलेली कॅसेट मिळवायची आणि दोन डेकच्या टेपरेकॉर्डरवर तिची प्रत काढायची. प्रतीची प्रत, तिची आणखी एक प्रत. शेवटच्या माणसापर्यंत पोचेतो गाण्यापेक्षा खरखर जास्त. उपग्रह आल्यावर अमेरिकेत या महिन्यात गाजलेलं गाणं इथेही जवळजवळ लगेच कळू लागलं. श्रोते वाढले. पण इथल्या बँडना आता थेट जगाशी तुलना सोसावी लागणार होती.

नियम

कागद-पेन घ्या, मोबाईल उलटा ठेवा. पहिल्या फेरीत प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. दुसऱ्या फेरीत उत्तराला एक आणि कारणाला दोन. तिसरी फेरी कानाची, तिथे प्रत्येक प्रश्नाला चार गुण. एकूण चाळीस. उत्तरं पुढे दिली आहेत, पण आधी लिहा आणि मगच खाली उतरा.

पहिली फेरी : नावात काय आहे?

१. पर्ल जॅमच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘टेन’. हा दहा आकडा कोणाचा?
२. साउंडगार्डन या बँडचं नाव कशावरून पडलं?
३. रेडिओहेडचं आधीचं नाव काय होतं?
४. ‘फू फायटर्स’ म्हणजे मुळात काय?

दुसरी फेरी : उत्तर आणि कारण

५. २४ सप्टेंबर १९९१ रोजी आलेला ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम कोणाचा? त्याने काय बदललं?
६. १९९१ मध्येच वारलेला कोणता जगप्रसिद्ध गायक पाचगणीच्या शाळेत शिकला होता? त्याला ‘आपला’ म्हणावं का?
७. क्रॅनबेरीज या बँडचं ‘झॉम्बी’ हे गाणं कोणत्या घटनेतून आलं? त्यात गिटारचा आवाज एवढा जड का?
८. १४ ऑगस्ट १९९५ रोजी इंग्लंडच्या कोणत्या दोन बँडनी एकाच दिवशी गाणी काढली? या भांडणामागे खरी गोष्ट काय होती?
९. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३ मध्ये कोणतं नाव घेतलं? का?
१०. मुंबईच्या रंगभवनात कोणता रॉक महोत्सव भरायचा? पुढे तिथला आवाज का थांबला?
११. १९८४ मधली गोव्याची एक कॅसेट आणि १९९५ मधला अमेरिकेतला एक अल्बम यांत एक विलक्षण साम्य आहे. कोणतं? ते कशामुळे आलं?
१२. इंडियन ओशनचं ‘कंदिसा’ कोणत्या भाषेत आहे? भाषा कळत नसताना ते लोकांना का भिडलं?

तिसरी फेरी : कानाची परीक्षा

१३. रॉकच्या गिटारमध्ये सतत वाजणारा ‘पॉवर कॉर्ड’ आपल्या सरगमच्या भाषेत सांगा.
१४. निर्वाणाच्या गाण्यांत कडवं आणि ध्रुवपद यांत कोणता फरक ऐकू येतो? आपल्या परंपरेत असं कुठे ऐकलंय?
१५. साउंडगार्डनचं ‘स्पूनमॅन’ ऐका आणि हाताने मात्रा मोजा. किती येतात?

लिहिलंत? आता उत्तरं पाहू.

उत्तरं : पहिली फेरी

१. मुकी ब्लेलॉक या अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या जर्सीचा क्रमांक दहा होता. बँडने सुरुवातीला स्वतःचं नावच त्याच्या नावावरून ठेवलं होतं. ते बदलावं लागलं तेव्हा अल्बमला त्याचा आकडा दिला.
२. सिअ‍ॅटल शहरात सरोवराकाठी एक शिल्प आहे. त्यातल्या नळ्यांतून वारा वाहिला की आवाज येतो. त्या शिल्पाच्या नावावरून.
३. ‘ऑन अ फ्रायडे’. शाळेत शुक्रवारी तालीम असायची म्हणून! पुढचं नाव टॉकिंग हेड्स या बँडच्या एका गाण्यावरून घेतलं.
४. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना आकाशात दिसणाऱ्या अनोळखी प्रकाशगोळ्यांना ते हे नाव द्यायचे.

ही फेरी सोपी होती. अशी उत्तरं गमतीची असतात, पण ती कळल्याने गाणं वेगळं ऐकू येत नाही. आता खरा अभ्यास.

उत्तरं : दुसरी फेरी

५. बँड निर्वाणा. गायक-गिटारवादक कर्ट कोबेन, बासवर क्रिस्ट नोव्होसेलिक आणि ड्रम्सवर डेव्ह ग्रोल. तिघंच जण. जानेवारी १९९२ मध्ये या अल्बमने अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या स्थानावरून खाली आणलं. हे झालं उत्तर.

आता कारण. ऐंशीच्या दशकातलं लोकप्रिय रॉक म्हणजे झुलपं, चकचकीत कपडे, बोटांची करामत दाखवणारे लांबलचक गिटार-सोलो. सामान्य पोराला ते दुरून बघायचं प्रकरण वाटे. सिअ‍ॅटलच्या आसपासच्या बँडनी हे उलटं करून टाकलं. अंगात साधा चौकड्यांचा शर्ट, गाण्यात घरातली भांडणं, एकटेपणा, स्वतःवरचा राग. ‘ग्रंज’ या शब्दाचा अर्थच मुळी मळ, घाण. ज्याला चार कॉर्ड येतात त्यालाही वाटायला लागलं, अरे, हे मला जमेल. आपल्याकडे कॉलेजच्या बँडची संख्या वाढली त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र कोबेनला हे यश झेपलं नाही. एप्रिल १९९४ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या मृत्यूभोवती नंतर एक वलय तयार झालं. ते बाजूला ठेवून गाणी ऐकावीत. दुःख मोठं होतं म्हणून कला मोठी झाली, हे समीकरण खोटं आहे आणि तरुण मुलांसाठी धोक्याचंही. असं काही जवळच्या मित्राच्या बोलण्यात जाणवलं तर गाण्याची चर्चा नंतर करा, आधी त्याच्याशी बोला आणि त्याला मोठ्या माणसापर्यंत न्या.

६. फ्रेडी मर्क्युरी, क्वीन या बँडचा गायक. मूळ नाव फारूख बलसारा, पारशी कुटुंब, जन्म १९४६ झांझिबारचा. आठ वर्षांचा असताना पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. तिथे पियानो शिकला आणि वर्गमित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी एड्सने त्याचा मृत्यू झाला. तारीख पाहा : ‘नेव्हरमाइंड’ आला त्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. एका बाजूला स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून उभी केलेली क्वीनची भव्य गाणी, दुसऱ्या बाजूला तीन माणसांचा कच्चा आवाज. एक युग मावळतंय आणि दुसरं उगवतंय, असं इतकं नेमकं क्वचितच दिसतं.

त्याला ‘आपला’ म्हणावं का? अभिमान वाटणं साहजिक आहे. पण कान उघडे ठेवून ऐकलं तर त्याच्या गाण्यात पाश्चात्त्य ऑपेरा आहे, इंग्लंडच्या नाटकगृहांतली मजा आहे. पाचगणीची लाल माती शोधावीच लागते. भारतातल्या बालपणाबद्दल तो जाहीरपणे फार बोललाही नाही. मग पाचगणीने काय दिलं? एका मिशनरी शाळेने एका मुलाला पियानो आणि व्यासपीठ दिलं. हे श्रेय छोटं नाही. शाळा सूर देत नाही, सूर सापडायला जागा देते. हे कारण किंवा याच्या जवळचं काही लिहिलं असेल तर दोन गुण घ्या.

७. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात बाजारपेठेतल्या कचराकुंड्यांत आयआरएने बाँब ठेवले. त्यात तीन वर्षांचा एक आणि बारा वर्षांचा एक अशी दोन मुलं गेली. बँड आयर्लंडच्या लिमरिक शहरातला. गायिका डोलोरेस ओरिऑर्डन तेव्हा विशीची होती. आपल्या आयर्लंडच्या नावाने हे केलं गेलं, याची तिला चीड आली आणि तिने गाणं लिहिलं. ते १९९४ मध्ये आलं.

त्याआधीची त्यांची गाजलेली गाणी हळुवार, तरंगती. इथे मात्र गिटार मुद्दाम फाटक्या, जड आवाजात वाजते आणि गायिकेचा आवाज मोडत, हेल काढत वर जातो. आपल्याकडे मयताच्या घरी बायका हेल काढून रडतात, त्याची आठवण यावी असा. विषय बदलला म्हणून वाद्यांचा पोत बदलला. कवितेत आपण आशय आणि अभिव्यक्ती म्हणतो ना, तेच हे. गाण्याची रूपं अशी आशयातून बदलतात तेव्हा ती खरी वाटतात. शिवाय स्वतःच्या माणसांना ‘माझ्या नावाने मारू नका’ असं सांगायला जास्त धैर्य लागतं. शत्रूवर गाणं रचणं सोपं असतं.

८. ब्लर आणि ओएसिस. ब्लरचं ‘कंट्री हाउस’ आणि ओएसिसचं ‘रोल विथ इट’. त्या आठवड्यात ब्लरच्या सुमारे २ लाख ७४ हजार प्रती खपल्या, ओएसिसच्या सुमारे २ लाख १६ हजार. ब्लर जिंकला. पुढे अल्बमच्या विक्रीत ओएसिसने त्यांना कितीतरी मागे टाकलं.

वर्तमानपत्रांनी याला दक्षिण विरुद्ध उत्तर, मध्यमवर्ग विरुद्ध कामगार असा रंग दिला. आपल्या दृष्टीने त्याखालची गोष्ट महत्त्वाची आहे. कित्येक वर्षं इंग्लंडचे गायकसुद्धा रॉक गाताना अमेरिकन उच्चार काढत. म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाही आपली इंग्रजी रॉकला शोभत नाही, असं वाटे! ब्लरचा डेमन अल्बार्न लंडनच्या बोलीच्या ढंगात गायला, ओएसिसचा लिअम गॅलघर मँचेस्टरच्या हेलात. या लाटेला ‘ब्रिटपॉप’ म्हणतात. लोकांनी ती उचलून धरली, कारण रेडिओवर त्यांना शेजारच्या माणसासारखं बोलणं ऐकू आलं. बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे, हे आपल्या भाषाविज्ञानाच्या तासाला शिकवतात. इथे ते खपाच्या आकड्यांनी सिद्ध झालं.

९. ‘इंडस क्रीड’. रॉक मशीन १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाला. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबीन बालापोरिया ही त्यातली ठळक नावं. त्या काळी भारतातले बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकला करत आणि श्रोतेही तेच मागत. स्वतःचं गाणं सुरू केलं की ‘अमक्याचं वाजवा’ म्हणून ओरडा व्हायचा. अशा वातावरणात या मुलांनी स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला आणि १९८८ व १९९० मध्ये दोन अल्बम काढले. ‘रॉक मशीन’ हे नाव कुठल्याही देशातलं असू शकतं. ‘इंडस’ म्हणजे सिंधू. नाव बदलणं म्हणजे आम्ही कुठून आलो ते सांगणं होतं. नव्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला.

मग हे टिकलं का? १९९७ मध्ये बँड थांबला. त्याच काळात बाजार हिंदी पॉपकडे वळला होता. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ मध्ये आलं, युफोरिया आणि सिल्क रूट १९९८ मध्ये घराघरांत पोचले. हिंदीतून गायलं की श्रोता लाखांत, इंग्रजीतून गायलं की हजारांत, हे कंपन्यांना कळलं. इंडस क्रीडची मंडळी २०१० मध्ये पुन्हा एकत्र आली आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. मुंबईचाच पेंटाग्राम १९९४ मध्ये सुरू झाला होता. त्याचा गायक विशाल ददलानी पुढे हिंदी चित्रपटांचा संगीतकार म्हणून घराघरांत पोचला. चित्रपटाचं पोट मोठं, ते सगळ्यांना सामावून घेतं. रॉकवर घर चालवणं मात्र अवघडच राहिलं.

१०. ‘इंडिपेंडन्स रॉक’. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सुरू झालेला, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा महोत्सव. फरहाद वाडिया हे त्यामागचं नाव. धोबीतलावजवळचं, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं रंगभवन हे उघड्यावरचं नाट्यगृह. १९७८ पासून इथेच ‘जॅझ यात्रा’ भरायची. ऑगस्टचा पाऊस, चिखल, काळे टीशर्ट आणि देशभरातून रेल्वेने आलेली पोरं असं त्याचं रूप होतं.

आवाज थांबला तो ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे. २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, जवळपास रुग्णालयं. पुढच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले आणि महोत्सवाला दुसरीकडे जावं लागलं. यात खलनायक शोधू नका. खाटेवरच्या रुग्णाची झोप खरी आहे आणि पोरांना गायला जागा हवी हेही खरं आहे. चूक झाली ती पर्यायाच्या बाबतीत : जुनी जागा गेली, पण शहराच्या मध्यावर, रेल्वेच्या वाटेवर, स्वस्त तिकिटाची तशी दुसरी जागा उभी राहिली नाही. कला टिकते की नाही हे पुष्कळदा अशा रूक्ष गोष्टींवर ठरतं. शेवटची लोकल किती वाजता, हासुद्धा संगीताच्या इतिहासातला प्रश्न आहे.

याला जोडून एक पुरवणी, कारण आपणही अंक काढतो. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं. मुंबई नाही, दिल्ली नाही, अलाहाबाद! गावोगावच्या बँडना एकमेकांचा पत्ता या मासिकाने दिला. पुढे त्यातूनच ‘ग्रेट इंडियन रॉक’ हा महोत्सव उभा राहिला. मोठ्या शहरातच मोठं काम होतं असं वाटणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

११. रेमो फर्नांडिस आणि डेव्ह ग्रोल. शिवोलीच्या रेमोने १९८४ मध्ये ‘गोवन क्रेझी’ ही कॅसेट घरीच, एकट्याने तयार केली : गाणं त्याचं, सगळी वाद्यंही त्यानेच वाजवलेली. निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल याने ऑक्टोबर १९९४ मध्ये आठवडाभरात ‘फू फायटर्स’चा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला. गिटारचा एक तुकडा सोडला तर सगळं त्याने एकट्यानेच वाजवलं. तो १९९५ मध्ये बाजारात आला.

कारणं मात्र दोघांची निराळी. मुंबईच्या कंपन्यांना रेमोच्या गाण्यांत रस नव्हता. मग त्याने चार पट्ट्यांचं छोटं यंत्र वापरलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे आवाज भरता येतात असं ते यंत्र : आधी ताल भरायचा, तो ऐकत गिटार, ती ऐकत गाणं. कॅसेट तयार झाल्यावर स्वतः स्कूटरवरून दुकानादुकानांत पोचवली. दार उघडेना म्हणून त्याने भिंतीतून वाट काढली. ग्रोलला पैशाची अडचण नव्हती. मित्र गेला होता, बँड संपला होता, दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायचं मन होत नव्हतं. शोक करण्याची ती त्याची रीत होती. बाहेरून पाहिलं तर दोन्ही कामं सारखीच, पण एकामागे जिद्द आणि दुसऱ्यामागे दुःख. फक्त उत्तर पाठ करणाऱ्याला हा फरक कधीच कळणार नाही.

१२. अरामी कुळातली सुरियानी भाषा. ‘कंदिसा’ म्हणजे पवित्र. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली ही प्रार्थना आहे. येशूची बोलभाषा अरामी होती, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड १९९० मध्ये सुरू झाला : सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबला आणि गायन, राहुल राम बास आणि गायन, पुढे ड्रम्सवर अमित किलम. ‘कंदिसा’ हा अल्बम २००० मध्ये आला, म्हणजे आपल्या दशकाच्या अगदी उंबरठ्यावर.

राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते. याच अल्बममधलं ‘मा रेवा’ नर्मदाकाठच्या लोकगीतावर उभं आहे; ती नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या कडेनेही वाहते. म्हणजे एकाच अल्बममध्ये एक केरळची प्राचीन प्रार्थना आणि एक नदीचं गाणं. इंग्रजी नाही, परदेशी उच्चार नाही, आणि कानाला हे रॉकच लागतं. ऐकणाऱ्या हजारोंना सुरियानी येत नव्हती. भिडली ती आळवणी. चर्चमध्ये असो, भजनात असो की दर्ग्यात, कोणीतरी मनापासून हाक मारतंय हे ओळखायला शब्दकोश लागत नाही. इंडस क्रीडला जो प्रश्न पडला होता त्याचं एक उत्तर इथे मिळतं : रॉक ही भाषा नसून बोलण्याची पद्धत आहे, तीत कोणतीही भाषा बसते, मात्र बोलणाऱ्याचं त्या भाषेशी काही नातं हवं.

उत्तरं : तिसरी फेरी

१३. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. बस्स. नेहमीच्या कॉर्डमध्ये मधला गंधारही असतो. ग शुद्ध असेल तर तो ‘मेजर’, कोमल असेल तर ‘मायनर’. पॉवर कॉर्डमधून गंधार काढून टाकतात. का? रॉकमध्ये गिटारचा आवाज यंत्रातून मुद्दाम फाडलेला असतो. फाटलेल्या आवाजात प्रत्येक सुरातून अनेक उपस्वर उसळतात. त्यात गंधार मिसळला की गढूळ होतं. सा-प मात्र स्वच्छ, भक्कम वाजतात. आता आठवा, आपल्या तानपुऱ्याच्या तारा बहुतेक वेळा कशात लावतात? प आणि सा. कर्कश वाटणाऱ्या या संगीताचा पाया आणि आपल्या घरातल्या रियाजाचा पाया एकच आहे! ज्या आजी ‘बंद कर ते’ म्हणतात त्यांना हे सांगून पाहा.

१४. कडवं हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. ध्रुवपद आलं की सगळी वाद्यं एकदम कोसळतात. ही युक्ती आपण बॉस्टनच्या पिक्सीज या बँडकडून घेतली, असं कोबेनने मोकळेपणाने सांगितलं होतं. आपल्याकडे कीर्तनात बुवा शांतपणे निरूपण करतात आणि मग एका क्षणी टाळ-मृदंगासह गजर होतो. दोन्हीकडे मोठा आवाज मोठा वाटतो तो आधीच्या शांततेमुळे. ज्यांनी गोंधळ, कव्वाली किंवा दुसरं असं उदाहरण लिहिलं असेल त्यांनाही पूर्ण गुण.

१५. सात. मुख्य गत सात मात्रांची आहे. बहुतेक रॉक चार मात्रांत चालतं, त्यामुळे पाय थापटणारा माणूस इथे अडखळतो. रूपक ऐकलेला मात्र लगेच सरसावतो. रूपकाचे विभाग तीन-दोन-दोन, तसेच इथे पडतील असं नाही, पण सातचं ते तिरकं चालणं ओळखीचं आहे. गाणं १९९४ चं. यात आर्टिस नावाचा सिअ‍ॅटलच्या रस्त्यावरचा कलाकार खरोखरीचे चमचे वाजवतो. आपल्या भजनातल्या चिपळ्यांची आठवण यावी, असंच ते.

गुण मोजा

तीसच्या वर असतील तर तुम्ही मंडळात एक तास घ्यायला हरकत नाही, सचिवांना सांगा. पंधरा ते तीस असतील तर कोणत्या फेरीत गुण गेले ते पाहा. नावं चुकली असतील तर काही बिघडत नाही, ती शोधून मिळतात. कारणं रिकामी राहिली असतील तर तीच गाणी पुन्हा ऐका. पंधराच्या खाली असाल तर तुमच्यापुढे कितीतरी चांगली गाणी पहिल्यांदा ऐकायची बाकी आहेत. हेवा वाटावा अशी स्थिती आहे.

गृहपाठ

नव्वदमधलं कुठलंही एक गाणं निवडा. एक पान लिहा. वरच्या दोन ओळींत नाव, साल, बँड. उरलेल्या पानावर फक्त ‘का’ : आवाज असा का, शब्द असे का, ते तिथेच आणि तेव्हाच का आलं. पान मराठीत लिहा, आणि आपल्या मराठीत लिहा. दखनीचा शब्द आला तर येऊ द्या, तेलुगूचा आला तर तोही राहू द्या. ब्लरच्या गायकाने लंडनची बोली पुसली नाही, आपणही सुलतान बाजारची पुसायची गरज नाही. आणि घरात कोणा मामा-आत्याकडे जुन्या कॅसेट असतील तर आधी त्यांना विचारा, ‘हे तुम्ही कुठे ऐकलं होतं?’ त्या उत्तराला दोन गुण जास्तीचे.